चित्रपेटीची निवड : घरगुती खेळांच्या हेडसेटचा ऐतिहासिक विचार

१

घरी खेळ खेळण्यासाठी आभासी वास्तवाचा हेडसेट घ्यावयाचा झाल्यास तो कोणता घ्यावा, हा प्रश्न वरकरणी दुकानदाराच्या अधिकारातला वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, अशी शंका येणेही स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही डोळ्यांपुढे भिंगे धरून बंद पेटीतले चित्र पाहावयाचे, आणि त्या चित्रात आपण स्वतः उभे आहोत असा प्रत्यय घ्यावयाचा, हा उद्योग आजचा नाही. त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. या अवधीत अशी अनेक यंत्रे निघाली, काही दीर्घकाळ टिकली, बहुतेक अल्पावधीत अडगळीत गेली. ती का टिकली आणि का गेली याची कारणे पाहता आजच्या निवडीस उपयुक्त असा एक निकष हाती लागतो. त्या निकषाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि तो एका विशिष्ट ठिकाणच्या कुटुंबाच्या दृष्टीने लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उदाहरणादाखल घेतलेले ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील वरवंड. पुणे-सोलापूर महामार्गावरील हे गाव व्हिक्टोरिया तलावामुळे परिचित आहे. आषाढीच्या वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून येथे येते, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. हे गाव घेण्याचे कारण असे की, पुण्यामुंबईचा ग्राहक दुकानात जाऊन यंत्र डोक्यावर चढवून पाहू शकतो, न मानवल्यास दुसरे मागू शकतो. वरवंडसारख्या गावातील कुटुंबाला मात्र बहुधा फोनवरील वर्णन वाचूनच निर्णय करावा लागतो. दुरुस्तीसाठी शहर गाठावे लागते आणि यंत्र निरुपयोगी ठरल्यास ते कपाटात पडून राहते. चुकीच्या निवडीची किंमत जेथे अधिक पडते तेथे निवडीचा विचारही अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा. सबब हा प्रश्न शहरापेक्षा गावाच्या बाजूने मांडणे इष्ट आहे.

२

डावा आणि उजवा डोळा एकाच वस्तूकडे किंचित निरनिराळ्या कोनांतून पाहतात, आणि या दोन प्रतिमांच्या मिलाफातून आपणास खोलीचे ज्ञान होते, हा सिद्धान्त इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याने आरशांच्या साहाय्याने बनविलेल्या यंत्रास स्टिरिओस्कोप हे नाव दिले. पुढे १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर याने आरशांऐवजी भिंगे वापरून त्याला लहानशा पेटीचे रूप दिले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ही पेटी व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरली आणि युरोपातील सुखवस्तू घरांतून तिचा झपाट्याने प्रसार झाला. आजचा हेडसेट तत्त्वतः हीच पेटी आहे. छापील छायाचित्राच्या जागी विजेवर चालणारा पडदा आला आणि डोके वळविताच चित्रही वळावे अशी योजना झाली, इतकाच फरक. अर्थात हा फरक लहान नव्हे, पण वंश एकच आहे.

या इतिहासातील निर्णायक घटना मात्र शास्त्रीय नसून व्यावहारिक आहे. १८६१ च्या सुमारास अमेरिकेतील वैद्य व लेखक ऑलिव्हर वेन्डेल होम्स याने हातात धरावयाचा एक साधा, हलका आणि स्वस्त स्टिरिओस्कोप तयार केला, आणि त्याचे पेटंट बुद्धिपुरस्सर घेतले नाही. परिणामी कोणीही कारागीर तो बनवू लागला. त्यात बसणाऱ्या जोडचित्रांच्या पुठ्ठ्याचे माप साधारणपणे साडेतीन इंच बाय सात इंच असे रूढ झाले. एकाने बनविलेल्या यंत्रात दुसऱ्याने छापलेले चित्र बसू लागले. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीने जगभरातील दृश्यांचे संच काढले. त्यांत जेम्स रिकाल्टन याचा हिंदुस्थानाविषयीचा संच होता, आणि त्यासोबतचा ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळची चित्रे आज जुन्या बाजारात मिळालेल्या कोणत्याही होम्स पद्धतीच्या यंत्रात घालून पाहता येतात. ज्यांनी ती छापली त्या कंपन्या केव्हाच लयास गेल्या, चित्रे मात्र दिसत राहिली.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणजे १९३९ मध्ये बाजारात आलेला व्ह्यू-मास्टर. त्याच्या वाटोळ्या चकतीवर चौदा लहान पारदर्शिका, म्हणजे सात जोडचित्रे असत. चकतीचे माप एकाच कंपनीचे असल्यामुळे चित्रांचा पुरवठा तिच्यावर अवलंबून राहिला. तथापि ते माप अनेक दशके बदलले नाही, म्हणून हे खेळणेही पिढ्यानुपिढ्या घरात टिकले. यावरून एवढे अनुमान निघते की, यंत्र किती चांगले आहे यापेक्षा त्यात बसणाऱ्या चित्रांचे माप किती जणांचे सामाईक आहे आणि ते किती स्थिर आहे, यावर त्या यंत्राचे आयुष्य ठरते.

३

महाराष्ट्रातील अनुभव याच अनुमानास पुष्टी देतो, आणि त्यात एका नव्या अंगाची भर घालतो. आपल्याकडे चित्रे पाहण्याची जुनी रीत सामुदायिक आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे करून रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत. चित्र एक, सांगणारा एक, आणि पाहणारे अनेक. जत्रेतील बायस्कोपच्या पेटीलाही एकाहून अधिक छिद्रे असत. पाहणारा प्रत्येक जण आपापल्या छिद्राशी एकटा असला तरी खेळवाल्याचे बोल सर्वांच्या कानी पडत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडावयाची, एकामागून एक चित्र बदलून हालचालीचा भास निर्माण करावयाचा, आणि त्याला संवाद व संगीताची जोड द्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. कंदिलाची कल्पना पश्चिमेकडून आलेली होती, परंतु त्यात घालावयाच्या काचा पटवर्धनांच्या घरी रंगत होत्या. यंत्र परके, चित्र घरचे, ही स्थिती कंदिलाच्या साधेपणामुळे शक्य झाली. योग्य मापाची काच कापून तीवर रंग भरणाऱ्यास कोणाही परदेशी कारखानदाराची अनुज्ञा लागत नव्हती.

पुढे चलच्चित्रे आली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा पहिला खेळ झाला. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा व फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे यंत्र आणले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. फाळक्यांच्या धडाडीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यांना लाभलेल्या एका अनुकूलतेकडे सहसा लक्ष जात नाही. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मला १९०९ च्या पॅरिस येथील चित्रपट-व्यावसायिकांच्या परिषदेत सामाईक प्रमाण म्हणून मान्यता मिळालेली होती. त्यामुळे नाशिकात काढलेली फिल्म कोणत्याही गावच्या कोणत्याही बनावटीच्या प्रक्षेपकावर चालू शके. विसाव्या शतकात महाराष्ट्राच्या जत्राजत्रांतून तंबूतले सिनेमे फिरले तेही याच आधारावर. या फिरत्या चित्रपटगृहांच्या उतरत्या काळावर शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी काढलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला. फिल्मच्या रिळांची जागा संगणकीय प्रक्षेपणाने घेतली तेव्हा तंबूवाल्यांची जुनी यंत्रे मोडली नव्हती, पण त्यांना मिळावयाची चित्रे थांबली. यंत्र शाबूत असताना ते निरुपयोगी कसे होते याचा असा स्पष्ट दाखला आपल्याच जत्रांतून मिळतो.

४

आता प्रत्यक्ष हेडसेटकडे वळावयास हरकत नाही. डोक्यावर चढवावयाच्या द्विनेत्री दूरचित्रवाणी-यंत्राचे पेटंट मॉर्टन हाइलिग या अमेरिकन चित्रपट-व्यावसायिकाने १९६० मध्ये मिळविले होते. परंतु संगणकाने रेखाटलेले आणि डोक्याच्या हालचालीप्रमाणे बदलणारे चित्र दाखविणारे यंत्र इव्हान सदरलँड याने १९६८ मध्ये जगापुढे मांडले. ते इतके अवजड होते की छतापासून टांगलेल्या दांड्याच्या आधारावाचून वापरता येत नसे. १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनियर याच्या व्हीपीएल कंपनीने अशी यंत्रे विकावयास काढली, आणि ‘आभासी वास्तव’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा प्रचारात आणली. त्यांच्या किमती प्रयोगशाळांनाच परवडणाऱ्या होत्या.

घरगुती खेळांसाठी निघालेल्या यंत्रांत सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानी निन्टेन्डो कंपनीच्या व्हर्च्युअल बॉयचे आहे. जुलै १९९५ मध्ये आलेले हे यंत्र टेबलावर पायांवर उभे राही. त्यात केवळ तांबडा रंग दिसे आणि त्यासाठी अवघे बावीस खेळ निघाले. सुमारे वर्षभरातच ते मागे घेण्यात आले. निन्टेन्डो ही लहान कंपनी नव्हती, तिची कीर्तीही मोठी होती. मोठ्या नावामुळे यंत्राला दीर्घायुष्य मिळतेच असे नाही, हे येथे सिद्ध झाले.

विद्यमान युगाचा आरंभ २०१२ मध्ये झाला. पामर लकी या तरुणाने ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी लोकांकडून आगाऊ रकमा मागितल्या. अडीच लक्ष डॉलरांची अपेक्षा असता सुमारे चोवीस लक्ष जमले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे दोनशे कोटी डॉलरांस घेण्याचा करार जाहीर केला. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठा व दोन भिंगे यांची घडीची पेटी काढून तीत फोन ठेवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. २०१६ मध्ये रिफ्ट, एचटीसीचा व्हाइव्ह व सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर ही तीन यंत्रे ग्राहकांच्या हाती आली. २०१९ मध्ये संगणकाची गरज नसलेले ऑक्युलस क्वेस्ट आले, २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिसरी, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचीच स्वस्त आवृत्ती ३एस आली. सोनीचा दुसरा हेडसेट फेब्रुवारी २०२३ मध्ये निघाला.

ही प्रगतीची बाजू झाली. पण याच दशकातील त्यागाची यादीही तितकीच लांब आहे. गूगलने डेड्रीम ही योजना २०१६ मध्ये सुरू करून २०१९ मध्ये सोडून दिली, आणि पुठ्ठ्याच्या पेटीची विक्री २०२१ मध्ये थांबविली. सॅमसंगचा गिअर व्हीआर २०१५ मध्ये आला आणि २०२० मध्ये त्यामागील सेवा बंद झाल्या. ऑक्युलस गो हे यंत्र २०१८ मध्ये निघून २०२० मध्येच विक्रीतून गेले. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर अवलंबून असलेले एसर, एचपी, डेल, लेनोवो आदी कंपन्यांचे हेडसेट २०१७ पासून विकले गेले. २०२४ मध्ये विंडोजच्या नव्या आवृत्तीतून त्यांचा आधारच काढून घेण्यात आला. पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरसाठी घेतलेले खेळ दुसऱ्या आवृत्तीवर आपोआप चालत नाहीत. ‘एको व्हीआर’ हा अनेकांनी मिळून खेळावयाचा लोकप्रिय खेळ १ ऑगस्ट २०२३ रोजी बंद करण्यात आला. ज्यांच्या घरी तो उतरवून घेतलेला होता त्यांनाही नंतर तो पूर्ववत खेळता येईना, कारण तो मालकाच्या दूरस्थ संगणकावाचून चालत नव्हता.

भारतातील एक उदाहरणही याच जातीचे आहे. २०२३ मध्ये जिओने फोन ठेवावयाची जिओडाइव्ह ही पेटी १,२९९ रुपयांस काढली आणि तिची जाहिरात मुख्यतः जिओसिनेमावरील आयपीएलचे सामने चहूबाजूंनी पाहण्यासाठी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमाचे हॉटस्टारशी एकीकरण होऊन ते नावच उरले नाही. ज्या दारातून चित्रे येणार म्हणून पेटी घेतली, ते दार दोन वर्षांत बदलले.

या सर्व उदाहरणांत पडदा फुटला नाही, भिंगे झिजली नाहीत. चित्रांचा पुरवठा तुटला. होम्सच्या पेटीला हे भय नव्हते, कारण तिच्या चित्रांचे माप कोणाच्या मालकीचे नव्हते. म्हणून हेडसेटची निवड ही वस्तुतः चित्रांच्या प्रमाणाची निवड आहे. ग्राहकाने पहिला प्रश्न विचारावयाचा तो पडद्याच्या सूक्ष्मतेविषयी नव्हे. या यंत्रासाठी खेळ कोण कोण बनवू शकतो, ते किती ठिकाणांहून घेता येतात, आणि कंपनीने हात आखडता घेतल्यास काय शिल्लक राहते, हे आधी विचारावयास हवे.

५

सामाईक प्रमाणाचा प्रश्न सुटला तरी यंत्र ज्या देहावर चढावयाचे त्याचा प्रश्न उरतो. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरीने सुमारे ६३ मिलिमीटर असते, परंतु व्यक्तिपरत्वे ते पुष्कळ बदलते. क्वेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीत आणि ३एसमध्ये भिंगे ५८, ६३ व ६८ मिलिमीटर अशा तीनच अंतरांवर बसतात. क्वेस्ट ३ मध्ये ती चाक फिरवून अखंडपणे सरकविता येतात. एकच व्यक्ती वापरणार असेल आणि तिचे माप या तिहींपैकी एकाच्या जवळ असेल तर हा भेद गौण आहे. परंतु घरातील चारपाच माणसे आळीपाळीने वापरणार असतील तर तो महत्त्वाचा ठरतो. चष्म्याच्या दुकानात हे माप काही क्षणांत घेऊन मिळते. ते प्रत्येकाचे आधी घेऊन ठेवल्यास अर्धी निवड तेथेच होते. चष्मा वापरणाऱ्यांनी भिंग व चष्मा एकमेकांस घासणार नाहीत इतके अंतर राहते की नाही हेही पाहावे.

दुसरी गोष्ट चक्कर व मळमळ यांची. डोळे सांगतात की आपण धावत आहोत, कानातील समतोलाचे इंद्रिय सांगते की आपण स्थिर आहोत. या विसंवादामुळे पुष्कळांना त्रास होतो. चित्र सेकंदाला नव्वद वेळा किंवा त्याच्या जवळपास बदलत असेल तर त्रास कमी होतो. आणि ज्या खेळांत खेळाडू आपल्याच पायांनी हालतो, उदाहरणार्थ तालावर तुकडे कापण्याचा ‘बीट सेबर’, त्यांत तो आणखी कमी असतो. आरंभी पाचदहा मिनिटेच खेळावे. नेत्रश्रम ही कल्पित भीती नव्हे. चित्रपटांचा ध्यास घेतलेल्या काळात अतिश्रमाने स्वतः फाळक्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती आणि उपचारांनंतर ती सुधारली, हे चरित्रांच्या वाचकांस ठाऊक आहे. मुलांच्या बाबतीत मेटा कंपनीने वयाची अट पूर्वी तेरा वर्षांची ठेवलेली होती. २०२३ मध्ये ती पालकांच्या देखरेखीखाली दहावर आणली. सोनीची सूचना बारा वर्षांखालील मुलांनी वापरू नये अशी आहे. कंपन्यांच्या सूचनांतच असा फरक असता पालकांनी कडक बाजू धरणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट सहदर्शनाची. चित्रकथीपासून तंबूपर्यंत आपली परंपरा एकत्र पाहण्याची आहे हे वर सांगितलेच. हेडसेट हा तिच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. घरातील एक जण चित्रात बुडालेला आणि बाकीचे त्याच्या हातवाऱ्यांकडे पाहत बसलेले, अशी स्थिती झाल्यास नवलाई ओसरताच यंत्र बाजूस पडते. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशातही हे एक कारण होते. यावर उपाय आहे. क्वेस्टमधील दृश्य दूरचित्रवाणी संचावर पाठविता येते. सोनीच्या हेडसेटमधील दृश्य तर संचावर दिसतेच. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ या खेळात हेडसेट घातलेल्याला बॉम्ब दिसतो आणि तो निकामी करण्याची पुस्तिका इतरांच्या हाती असते. बोलून बोलून तो सर्वांनी मिळून निकामी करावयाचा. चित्र एकास दिसते आणि खेळ सर्वांचा होतो. बायस्कोपच्या पेटीभोवतीची मंडळी याहून फार निराळे काही करीत नव्हती. आषाढीत पालखीच्या मुक्कामाला ज्या गावात घरे माणसांनी भरून जातात, त्या गावातील कुटुंबाने एकट्याचे यंत्र घेताना हा विचार अवश्य करावा.

६

आता या कसोट्या उपलब्ध प्रकारांना लावून पाहू. पहिला प्रकार फोन ठेवावयाच्या पेटीचा. तो स्वस्त आहे, परंतु त्यात डोके वळविलेले कळते, पाऊल पुढे टाकलेले कळत नाही. हातांचाही मागोवा लागत नाही. खेळांचा पुरवठा आटलेला आहे. मुलांना तत्त्व समजावून देण्यास तो पुरेसा, खेळण्यासाठी अपुरा.

दुसरा प्रकार खेळयंत्राला जोडावयाचा. सोनीच्या दुसऱ्या हेडसेटचे दृश्य प्रत्येक डोळ्यास २००० बाय २०४० बिंदूंचे असून उत्तम आहे, वजन सुमारे ५६० ग्रॅम. पण त्याला प्लेस्टेशन ५ लागते आणि खेळ सोनीच्याच दुकानातून घ्यावे लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीने तो संगणकास जोडण्याचे साधन विक्रीस आणले. खेळांचे एक दार बंद झाल्यास दुसरे उघडे राहावे ही ग्राहकांची गरज यातून मान्य झाली, असे म्हणावयास हरकत नाही. घरी प्लेस्टेशन ५ आधीच असेल तरच हा प्रकार विचारात घ्यावा.

तिसरा प्रकार संगणकाला जोडावयाचा. २०२० चा ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ यासारखे मोठे खेळ येथेच मिळतात, आणि २०१९ मध्ये क्रोनोस या संस्थेने प्रसिद्ध केलेले ओपनएक्सआर हे सामाईक प्रमाण येथे अधिक रुजले आहे. एका कंपनीचा हेडसेट गेला तरी स्टीमच्या दुकानातून घेतलेला खेळ पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर चालतो. होम्सच्या पुठ्ठ्याशी साम्य असलेली व्यवस्था आज कोठे असेल तर ती ही. मात्र बलवान चित्रपत्रक, म्हणजे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आणि अखंड वीज यांचा खर्च त्यात धरावयास हवा.

चौथा प्रकार स्वतंत्र हेडसेटचा. क्वेस्ट ३ चे दृश्य प्रत्येक डोळ्यास २०६४ बाय २२०८ बिंदूंचे, वजन सुमारे ५१५ ग्रॅम. ३एसचे दृश्य १८३२ बाय १९२० बिंदूंचे. विद्युत्‌घट एका भारणीत दोन तासांच्या आसपास चालतो, म्हणून वीज गेली तरी चालू खेळ थांबत नाही. याचे मूळ दुकान एका कंपनीच्या हाती आहे हा दोष खराच. २०२० ते २०२२ या काळात तर फेसबुकचे खाते असल्यावाचून क्वेस्टची दुसरी आवृत्ती चालत नसे. परंतु हाच हेडसेट तारेने किंवा घरगुती वायफायवरून संगणकास जोडून तिसऱ्या प्रकारचे खेळही त्यावर खेळता येतात. शिवाय त्यातील ब्राउझरमधून कोणीही बनविलेली त्रिमिती पाने उघडता येतात. यंत्र परके असले तरी चित्र घरचे करण्याची वाट थोडी तरी मोकळी राहते. हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीने ‘आयबी क्रिकेट’ हा खेळ २०१८ मध्ये काढला, यावरून देशी खेळ निर्माण होऊ शकतात हे उघड आहे. पटवर्धनांच्या काचा कल्याणात रंगल्या त्याप्रमाणे पुढील खेळ दौंड तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकावर का रचले जाऊ नयेत?

किंमत हा गुणाचा निर्वाळा नव्हे, हेही येथे नमूद करावे. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ३,४९९ डॉलरांस निघाला. त्यासोबत खेळण्याची हस्तयंत्रे नव्हती. क्वेस्ट ३एसची आरंभीची किंमत तेथेच २९९ डॉलर होती. खेळाच्या कामास स्वस्त यंत्र महागापेक्षा उजवे ठरले.

जागेचा विचारही करावा. उभे राहून खेळण्यासाठी सुमारे दोन मीटर बाय दोन मीटर इतकी मोकळी जागा लागते. गावाकडील घराला अंगण असते म्हणून तेथे खेळावे असा मोह होईल, पण तो टाळावा. हेडसेटची भिंगे सूर्यकिरण एकवटतात, आणि उन्हात उपडा ठेवलेला हेडसेट काही क्षणांतच आतील पडद्यावर कायमचा डाग घेऊन बसतो. धुळीने भिंगांवर चरे पडतात. सबब माजघर किंवा सोपा, पुरेसा दिवा, आणि वापर झाल्यावर झाकून ठेवण्याची सवय, ही पथ्ये पाळणे अवश्य आहे.

७

यावरून वरवंडच्या कुटुंबापुरता निष्कर्ष असा निघतो. एकच यंत्र घ्यावयाचे असेल तर स्वतंत्र चालणारा, पण संगणकासही जोडता येणारा हेडसेट घ्यावा. अनेक माणसे वापरणार असतील तर भिंगांचे अंतर अखंड बदलता येईल असा निवडावा. दृश्य घरच्या संचावर पाठविता येते याची खात्री करावी. ज्या यंत्राची विक्री थांबली आहे ते स्वस्त मिळाले तरी त्याला नवे खेळ किती काळ मिळतील हे पाहिल्यावाचून घेऊ नये. खेळ विकत घेताना, तोच खेळ एकाहून अधिक यंत्रांवर चालेल अशा दुकानास अग्रक्रम द्यावा. पडद्याची सूक्ष्मता, वजन आणि किंमत यांचा विचार यानंतर.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर आपले बहुसंख्य मूकपट नष्ट होऊन गेले होते. जे थोडे वाचले ते आज पाहता येतात, कारण फिल्मचे माप सर्वांना ठाऊक आहे. आभासी वास्तवातील खेळांचे असे होणार नाही. मालकाने दूरस्थ संगणक बंद केला की खेळाची एक प्रतही पाहण्याजोगी उरत नाही, मग संग्रहालयात ठेवावयाचे काय? पन्नास वर्षांनी आजच्या मुलांनी कोणत्या जगात आपल्या संध्याकाळी घालविल्या हे शोधू पाहणाऱ्या संशोधकाला पेट्या सापडतील, चित्रे सापडणार नाहीत. होम्सने पेटंट न घेता जे उघडे ठेवले त्याचे मोल त्या दिवशी कळेल. तोपर्यंत प्रत्येक घरगुती ग्राहक आपल्या खरेदीने खुल्या प्रमाणाच्या किंवा बंद दुकानाच्या बाजूने मत देत असतो, आणि त्या मतांच्या बेरजेवरच पुढील संशोधकाच्या हाती काय पडणार हे अवलंबून आहे.